ध्रुवचा पट्टा: चामड्याचा की फोमचा?

रामबागवाला
यंदा गणेशोत्सवातल्या वेशभूषा स्पर्धेत भाच्याला सुपर कमांडो ध्रुव केला, राज कॉमिक्सच्या हिंदी कॉमिक्समधला नायक. पिवळा-निळा पोशाख शिंप्याने शिवला, पण पट्टा, दोन मनगटपट्टे आणि पट्ट्यावरची छोटी पाकिटं मी घरी केली, खऱ्या चामड्याची, हाताने शिवून (फोटो टाकलाय). एकूण 31 तास गेले. बक्षीस फोमच्या रोबोटला. परीक्षकबाईंनी पट्टा चाचपला आणि म्हणाल्या, "हा तर बाजारातून आणलेला दिसतोय." म्हणजे काम इतकं नीट झालं की कामच दिसेना!

माझं मत सरळ आहे. जी वस्तू मुळात चामड्याची, ती चामड्याचीच करावी, आणि हातकामाला वेगळे गुण असावेत. 1987 पासून कॉमिक्समध्ये असलेल्या ध्रुवला उपजत अलौकिक शक्ती नाही. डोकं, सर्कशीतली कसरत आणि अंगावरचं सामान, मुख्यतः एवढ्यावर गडी लढतो. त्याचाच पट्टा फोमचा?

हीटगन
रोबोट माझ्या पुतणीचा होता, आधीच सांगून ठेवतो. भिया, फोम म्हणजे शाळेतला क्राफ्ट पेपर वाटतो का तुम्हाला? आधी कागदी साचा, मग कडा तिरप्या कापायच्या, हीट गनने तापवून मांडीवर वाकवायचं, दोन्ही बाजूंना चिकटवायचं सोल्यूशन लावून सुकू द्यायचं आणि मग एकदाच, बरोबर जागी टेकवायचं. चुकलं की फाडावं लागतं. चार रात्री गेल्या. हे हातकाम नाही तर काय पायकाम आहे? शिवाय पोरगी दोन तास ते घालून नाचली. तुमचा भाचा मधेच पट्टा सोडून बसलेला मी पाहिला.

रामबागवाला
पाहिला असेल. पट्टा जड झाला, हे कबूल. 3 मिमीचं म्हशीचं चामडं घेतलं, 2 मिमीचं पुरलं असतं. पण रोबोटला फोम शोभतो, त्यावर वाद नाहीच. मी बोलतोय ते पट्ट्याबद्दल.

आता चामड्यात काय असतं ते सांगतो, कारण तिथंच माझा बराचसा वेळ गेला. पहिला तुकडा वायाच गेला. दुकानदाराने पर्स-जॅकेटचं मऊ क्रोमवालं, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, चामडं दिलं. त्यावर चांदणी उठवायला गेलो, तर ठसा दाबला की उमटतो आणि चहा होईस्तोवर गायब. मग कळलं की ठसा धरायला झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं लागतं. ओळख सोपी: पाण्याचा थेंब टाका, ते पितं आणि गडद होतं. क्रोमवाल्याची कापलेली कड बहुतेक निळसर-करडी दिसते. सालीचं चामडं ओलं करून लाकडी ठोकळ्यावर ताणून बांधलं, रात्रभर वाळवलं, की पाकीट त्याच आकारात उभं राहतं. उन्हात घाई करू नका, माझं एक आकसून पापड झालं.

शिवण दोन सुयांची, एकाच मेणाच्या दोऱ्यावर, दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत एक तुटला की पुढचे सुटत जातात. भोकांचं अंतर आखायला जेवायचा काटा वापरला. (बायकोला अजून माहीत नाही.)

अहिल्यानगरी
गणपतीच्या मांडवात चामड्याचा पट्टा बांधून पोराला चढवलंत? आमच्याकडे चालत नाही हो.

हीटगन
काकू, या मुद्द्यावर मी रामबागवाल्याच्या बाजूने. आरतीला तबला वाजतो, त्याची पुडी कशाची असते?

अहिल्यानगरी
ते वाद्य आहे. कमरेचा पट्टा आणि तबला एक नव्हे. मला पटलेलं नाही.

रापी
मला वेगळंच विचारायचंय. आमचे आजोबा चामड्याची खेळणी करायचे, तारेचा सांगाडा, आत भरण, वरून चामडं, ती इंदूरची. त्या खेळण्यांना आता जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, पण घरात ते काम पुढे कोणी धरलं नाही, मीही नाही. म्हणून 'हाताने केलं' वाचलं की कान टवकारतात. रामबागवाले, पट्ट्याच्या टोकाची घडी फोटोत फार सुबक दिसते. दुमडायची जागा आतून रापीने (चामडं कापायच्या पात्याने) तासून पातळ करावी लागते, नाहीतर गाठोडं होतं. नवख्याला पहिल्या पट्ट्यात ते जमत नाही. कोणी केलं?

रामबागवाला
पकडलंत. आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मोचीकाकांनी. मी दोनदा आरपार कापलं, तेव्हा त्यांनी हातातून काढूनच घेतलं. नंतर तुकड्यांवर सराव करवून घेतला, पण पट्ट्यावरचं काम त्यांचंच.

रापी
आणि स्पर्धेच्या अर्जात?

रामबागवाला
'स्वतः बनवले' लिहिलं.

हीटगन
घ्या! आणि म्हणे हातकामाला वेगळे गुण. कोणाच्या हाताला?

रामबागवाला
तेवढ्याने मुद्दा खोटा होत नाही. टाके माझे आहेत, बोटं अजून दाखवू शकतो. पुढच्या वर्षी अर्जात काकांचं नाव घालीन. पण घडी त्यांची म्हणून रेग्झिन लावायचं का? दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. हा पट्टा माझा नातू बांधेल.

हीटगन
नातवाचं नंतर. 2 मिमीचं चामडं मिळतं कुठे ते सांगा. पुतणीला पुढच्या वर्षी कमरेचा पट्टा हवाय. फक्त पट्टा, बाकी फोमच.

रापी
तोपर्यंत एक ऐका. पाऊस संपेस्तोवर पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरेल.

रामबागवाला
धरली. बक्कलखाली.