ताराराणींनी १७०७ मध्ये गादी सोडायला हवी होती का?

करवीरकर (धागाकर्ता):
परवा कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्यापाशी थांबलो होतो. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, नजर खिळून राहते. शेजारचे एक काका म्हणाले, "लढली खरी, पण पोराच्या मोहापायी राज्याची सातारा आणि कोल्हापूर अशी दोन शकलं केली." हे लहानपणापासून ऐकतोय. मला ते पटत नाही.

मार्च १७०० मध्ये त्यांचे पती राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा ताराराणी जेमतेम पंचविशीच्या. पदरी लहानगा शिवाजी, समोर खुद्द औरंगजेब. पुढची सात वर्षं त्यांनी त्याला गडागडांखाली झुलवत ठेवलं. विशाळगडच घ्या. कित्येक महिने वेढा, शेवटी जून १७०२ मध्ये बादशहानं रक्कम मोजून गड पदरात पाडला, आणि पन्हाळ्याकडे परतताना सह्याद्रीच्या पावसानं गाठलं. ओढे फुगलेले, जनावरं वाहून जातायत, सामान चिखलात रुतलंय. दोन-चार मुक्कामांच्या वाटेला महिन्याच्या वर लागला! मराठ्यांची रीतच ही: गड झुंजवायचा, पावसाच्या तोंडावर पैसे घेऊन सोडायचा, बादशहाची पाठ वळली की परत घ्यायचा. तिकडे मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरलेल्या.

१७०७ मध्ये औरंगजेब नगरजवळ मेला आणि लगेच त्याचा मुलगा आजमशहानं ताराराणींचे पुतणे शाहूराजे यांना सोडलं. अठरा वर्षं मोगली छावणीत वाढलेला वारस, आणि आई येसूबाई अजून त्यांच्याच ताब्यात. भावकीत काडी टाकायलाच हे चाललंय, एवढं ताराराणींना कळत नव्हतं होय? अशा वेळी राज्य हातात ठेवणं मला रास्त वाटतं.

सातारकर:
दादा, सात वर्षांच्या झुंजीबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण हक्काचं काय? शाहूराजे थोरल्या शाखेचे, संभाजी महाराजांचे पुत्र. शहानिशा करायला खंडो बल्लाळांना पाठवलं, त्यांनी खरे असल्याची खात्री करून घेतली. तरी ताराराणी तोतया म्हणत राहिल्या. सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतल्याचं बखरीत आहे. एवढं करूनही ऑक्टोबर १७०७ ला खेडला धनाजी जाधव शाहूंना मिळाले. ताराराणींच्याच हुकमाखाली मोगलांशी झुंजलेला हा सेनापती. त्याचं मत काहीच नाही का?

माहेर_तळबीड:
"पोराचा मोह" हा शब्द काढा आधी. मुलाला गादी मिळावी म्हणून लढलेल्या किती बापांना आपण मोह झाला म्हणतो? सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक ती, फौजेच्या गोष्टी ऐकतच वाढली असणार. शत्रूकडच्या खाफीखान या इतिहासकारानंसुद्धा तिच्या बुद्धीची आणि राज्यकारभाराच्या जाणकारीची तारीफ लिहून ठेवली आहे. आणि तिचा मुद्दा साधा होता: शिवछत्रपतींचं राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेलं, आज आहे ते माझ्या नवऱ्यानं नव्यानं उभं केलेलं. पटो न पटो, पण तो राजकीय मुद्दा आहे, आईचा हट्ट नव्हे.

सातारकर:
ताई, शब्द मागे घेतो, खरंच. पण मग १७५० चं काय? शाहू महाराज वारल्यावर रामराजा आपला नातू म्हणून ताराराणींनीच पुढे आणला. तो ऐकेना म्हणून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकला, गुजरातेतले सरदार दमाजी गायकवाड यांना पेशव्यावर चालून यायला लावलं, आणि १७५२ ला जेजुरीत शपथेवर सांगितलं की हा आपला नातू नव्हेच. छत्रपतींच्या गादीची पत यानं घसरली की वाढली?

करवीरकर:
घसरली. याचं समर्थन मी करणार नाही. रामराजाची उमर कैदेत सरली आणि सत्ता कायमची पुण्याकडे गेली.

पण त्या शपथेवरून १७०७ चा निवाडा करू नका. मधली वर्षं बघा. १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या बाजूनं पालट झाला, मायलेक पन्हाळ्यावर कैदेत पडले, १७२६ ला मुलगा तिथेच वारला. पुढे सवतीच्या मुलाच्या कैदेतून सुटून त्या साताऱ्याला आल्या, ज्याच्याशी लढल्या त्याच शाहूंच्या आसऱ्याला. शाहूंनी त्यांना मानानं ठेवलं, हा त्यांचा मोठेपणा, सातारकर. पानिपताची बातमीही त्यांनी ऐकली असेल. डिसेंबर १७६१ ला साताऱ्यातच गेल्या, शहाऐंशी वर्षांच्या होऊन.

मागे संगम माहुलीला गेलो होतो. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी पहिल्याच माणसानं दाखवली. ताराराणींची विचारली, तर तिघांना विचारत नदीकाठानं फिरावं लागलं.

माहेर_तळबीड:
पुढच्या रविवारी मी येते तळबीडहून. सातारकर, तुम्हीही या.