वेल्डिंगपेक्षा बिडाचं बूच बरं

जुन्या ड्रिल मशिनच्या टेबलावर पडलेली भोकं वेल्डिंगने भरून घ्या, असा सल्ला काही जण देतात. मी तरी त्या वाटेला जाणार नाही. टेबल बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असतं, आणि बिडात कार्बन साधारण ३ टक्क्यांच्या वर असतो. वेल्डिंगची जागा झटकन गार झाली की कडेचं बीड इतकं कडक होतं की कानस नुसती घसरते. निकेलचा रॉड वापरला तरी थोडी कडक कड उरतेच, आणि तडा गेला तर टेबलच कामातून गेलं.

त्यापेक्षा भोक जरा मोठं करून आटे पाडा. बिडाच्याच सळईचं आट्यांचं बूच लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) करा (भंगारातला तुकडाही चालतो), लॉकटाइट (आटे पक्के धरणारा चिकट द्रव) लावून घट्ट पिळा, वर राहिलेलं कापून कानशीने सपाट करा. शेवटचा हात ऑइलस्टोनचा (तेल लावून घासायच्या बारीक दगडाचा). पितळेचं बूच मात्र नको, पिवळा ठिपका कायम डोळ्यात खुपतो.

लेथच्या बेडवर (ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या लांब पायावर) चक (काम पकडणारा जड भाग) पडून झालेल्या खड्ड्याचं वेगळं. तिथे त्रास खड्ड्याचा नसतो, त्याच्या कडेला उठलेल्या उंचवट्याचा असतो. सपाट ऑइलस्टोन फिरवून तेवढाच उतरवा. खड्डा राहू द्या, थोडं तेलच धरेल.