हरिपूरची पेवं आणि मडगार्डातली माती

वर एकांनी लिहिलंय, की सांगलीत सायकलवरून बघण्यासारखं आहेच काय, सगळं सपाट. अहो, सपाट आहे हेच तर सुख! साताऱ्यात राजपथावरून खाली उतरताना मजा, पण परत चढताना जीव जातो.

मी विश्रामबागहून गणपती मंदिराजवळ कामाला सायकलनेच जातो. सुट्टीच्या दिवशी तशीच पुढे हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथली हळदीची पेवं ऐकून तरी असाल. हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठारं, तोंड अरुंद, आत ऐसपैस. तोंड बंद केलं की हवा जात नाही, म्हणून कीडही लागत नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी बराच वेळ मोकळं ठेवायचं, नाहीतर माणूस गुदमरायचा. 2005 च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं कामातून गेली.

फक्त पावसाळ्यात मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या शेतांच्या, कच्च्या वाटेला जाऊ नका. काळी माती मडगार्डात अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही. गेल्या वर्षी मी बाभळीच्या काडीने अर्धा तास उकरत बसलो होतो. तेव्हापासून मागचं मडगार्ड काढूनच टाकलंय. पाठीवर चिखलाची रांगोळी उठते, उठू दे.