मदत हवी आहे: पॅसिफिक युद्ध (१८७९-८४) आणि शालेय पाठ्यपुस्तके

चिले, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यातल्या या युद्धावर मराठीत दीर्घलेख लिहितोय. लढाया आणि तह जुळवून झाले. अडलंय ते पुढच्या स्मृतीपाशी.

१८७८ मध्ये बोलिव्हियाने सोऱ्याच्या निर्यातीवर क्विंटलमागे १० सेंटाव्होंचा कर लावला आणि ठिणगी पडली. बोलिव्हियाचा किनारा गेला, तरी २३ मार्चला तिथे ‘समुद्र दिन’ पाळतात आणि नौदल आजही आहे, टिटिकाका सरोवरावर. चिलेचा नायक आर्तुरो प्रात हा इकिकेच्या नाविक लढाईत मेलेला, त्याचं जहाजही बुडालं. पेरूचा नायक मिगेल ग्राउसुद्धा आंगामोसच्या नाविक लढाईत मारला गेला. त्यानेच प्रातची तलवार आणि पत्रं त्याच्या विधवेला सन्मानाने पाठवली होती. तिन्ही देशांनी हौतात्म्यच उराशी धरलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

हेगच्या न्यायालयातले बोलिव्हिया-चिले खटल्याचे (निकाल २०१८) लेखी युक्तिवाद वाचलेत, पण ती वकिली भाषा. मुलांना काय शिकवतात ते त्यात सापडत नाही. विश्वकोशांतल्या नोंदी आणि युद्धाचे लष्करी इतिहास कृपया सुचवू नका, ते पाहून झालेत. स्पॅनिश वाचता येतं. विकतची पुस्तकं मागवणं मात्र जमणार नाही.

सगळ्यात जास्त हवाय तो ताक्ना-आरिकाचा, म्हणजे चिलेने व्यापलेल्या पेरूच्या दोन प्रांतांचा, भाग. १८८३ च्या तहानुसार दहा वर्षांनी घ्यायचं सार्वमत कधी झालंच नाही. १९२९ मध्ये ताक्ना पेरूला परत मिळालं, आरिका चिलेकडे राहिलं. हा प्रसंग शिकवणारी तिन्ही देशांची सध्याची माध्यमिक इतिहासाची पुस्तकं मोफत, अधिकृतपणे कुठे वाचायला मिळतील, आणि नेमक्या कोणत्या इयत्तेची पाहू?