ग्रुपला "लांबून बघायचं" म्हणजे नक्की काय करायचं?

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी, एमएस्सी पार्ट टूला आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजात एका पाहुण्या सरांचं जिओमेट्रिक ग्रुप थिअरीवर लेक्चर झालं. सुरुवातीलाच म्हणाले की पूर्णांकांचा ग्रुप आणि अख्खी रिअल लाइन लांबून बघितली तर सारखीच, आणि वर्गातल्या सगळ्यांनी अशा माना डोलावल्या की जणू घरी जेवताना हेच बोलतात. मीही डोलावली. पण एक काउंटेबल, दुसरं अनकाउंटेबल, सारखं कसं काय? आणि ग्रुप म्हणजे माझ्या लेखी चार अॅक्सिअम्स, त्याला लांबून बघायला तो काय डोंगर आहे? टोपोलॉजी यात कुठून घुसली? आणि सध्या यात खरंच काही चालू आहे की सगळं जुनंच उगाळतात? विकिपीडियाची लिंक देऊ नका प्लीज, ती वाचूनच जास्त घाबरलेय.

गाठीचा_वैद्य:
डोंगरच आहे, फक्त आधी तो काढावा लागतो. ग्रुपचे जनरेटर घ्या, समजा अ आणि ब. ग्रुपमधला प्रत्येक घटक म्हणजे एक ठिपका, आणि एका ठिपक्याला अ किंवा ब ने गुणून जिथे पोचता तिथपर्यंत रेघ मारा. झाला केली ग्राफ. अ आणि ब कम्यूट करत असतील तर चौकोनी ठिपक्यांची रांगोळी मिळते, आपली नेहमीची, फक्त अंगण अनंत. आता ती रांगोळी अंगणात बसून बघितली तर ठिपके न् ठिपके वेगळे दिसतात, गच्चीवरून बघितली तर सलग सतरंजीसारखी दिसते. सरांचं लांबून म्हणजे हेच, त्याला क्वाझाय-आयसोमेट्री म्हणतात: अंतरं ठराविक पटीत आणि ठराविक फरकात चुकली तर चालतील. पूर्णांक म्हणजे एका ओळीतले ठिपके, गच्चीवरून ती रेघच. काउंटेबल-अनकाउंटेबल हा अंगणातला प्रश्न झाला.

आता अ आणि ब मध्ये काहीच नातं नाही असं धरा, म्हणजे फ्री ग्रुप. मग झाड येतं, प्रत्येक ठिपक्यातून चार फांद्या. मधल्या ठिपक्यापासून १० पावलांत रांगोळीवर २२१ ठिपक्यांपर्यंत पोचता, झाडावर १,१८,०९७ पर्यंत. इथेच खरी गंमत सुरू होते, कारण १९८१ मध्ये ग्रोमोव्हने दाखवलं की ही वाढ पॉलिनॉमियल असेल तर ग्रुप जवळजवळ निलपोटंटच असतो (जवळजवळ म्हणजे फायनाइट इंडेक्सचा सबग्रुप निलपोटंट, आणि निलपोटंट म्हणजे कम्यूट करणाऱ्याच्या जवळचा). म्हणजे नुसते ठिपके मोजले आणि आतलं बीजगणित कळलं! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती, बायको अजून चिडवते.

दुपारचा_चहा:
वैद्यबुवा मस्त. टोपोलॉजी कुठून घुसली ते मी सांगते, कारण खरं तर ती घुसलेली नाही, घर तिचंच आहे. १९११ मध्ये माक्स डेनला पृष्ठभागांच्या फंडामेंटल ग्रुपचा (पृष्ठभागावरच्या फासांचा ग्रुप) प्रश्न पडला होता: एखादा फास आकसून बिंदू होतो की नाही हे त्याच्या अक्षरांच्या, म्हणजे जनरेटरच्या, माळेवरून कसं ओळखायचं? दोन भोकांच्या मेदूवड्यासाठी चार जनरेटर आणि आठ अक्षरांचं एकच नातं. डेनने दाखवलं की (एक अक्षर आणि लगेच त्याचं उलटं असे जोड आधी काढून टाकले की) आकसणाऱ्या कुठल्याही माळेत त्या नात्याचा अर्ध्याहून मोठा तुकडा सापडतोच, म्हणजे सलग पाच अक्षरं. ती काढून उरलेल्या तिघांची उलटी माळ घाला, लांबी कमी झाली, परत शोधा. माळ संपली तर फास आकसला, मध्येच अडकली तर नाही.

हे सगळीकडे चालत नाही. १९५५ मध्ये नोव्हिकोव्हने असा ग्रुप दिला की त्याच्यासाठी कुठलाच अल्गोरिदम नाही. मग १९८७ मध्ये ग्रोमोव्हने हायपरबोलिक ग्रुप ही कल्पना मांडली, आणि डेनची युक्ती चालते ते ग्रुप नेमके हेच निघाले. व्याख्या चित्रातच आहे: केली ग्राफमधला कुठलाही त्रिकोण सडपातळ हवा, एका बाजूवर कुठेही उभे राहा, उरलेल्या दोनपैकी एक बाजू हाकेच्या अंतरावर. कोकणात एका गावातून शेजारच्या गावात जायचं तर परत मेन रोडला यावं लागतं ना, तसं.

कोडवाला:
वाचतोय. मी गणितवाला नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण सध्या काय चालू यावर एक गोष्ट माहितीये. कॅप्लान्स्कीचं युनिट कंजेक्चर १९४० पासून हिग्मनच्या थिसिसमध्ये पडून होतं: टॉर्शन नसलेल्या (१ सोडून कुठल्याही घटकाचा कितवाही घात १ होत नाही अशा) ग्रुपच्या ग्रुप रिंगमध्ये, म्हणजे ग्रुपच्या घटकांच्या बेरजांमध्ये (सहगुणक फील्डमधले), साध्यासुध्या एकाच टर्मच्या युनिट्सशिवाय (गुणाकाराने उलटा असणाऱ्यांना युनिट म्हणतात) दुसरे नसतात. २०२१ मध्ये जाइल्स गार्डमने ते पाडलं. सहगुणक फक्त ० आणि १ (१ + १ = ० धरून), आणि २१ टर्म्सचा एक युनिट. तो सापडला कसा, तर प्रश्न सॅट सॉल्व्हरला (हो-नाहीच्या अटी जुळवून देणाऱ्या प्रोग्रॅमला) घालून! आणि सापडल्यावर गुणाकार करून बघायला कॉम्प्युटर लागतही नाही, एका दुपारी वहीत होतो. मी केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा १ आला.

बोळातला:
सगळं ठीक आहे पण याचा उपयोग काय?

दुपारचा_चहा:
आला हा प्रश्न, वाटच बघत होते. चहाचा उपयोग काय ते सांगा, मग मी सांगते.

गाठीचा_वैद्य:
भांडू नका. @चिंचगूळ, गार्डमचा तो ग्रुप कुठून आला सांगू? एका सपाट त्रिमितीय मॅनिफोल्डचा (जवळून नेहमीच्या त्रिमितीय अवकाशासारखी दिसणारी स्पेस) फंडामेंटल ग्रुप आहे तो. परत टोपोलॉजीच.

या शतकातली मोठी बातमी विचाराल तर २०१२. थर्स्टनने १९८२ मध्ये २४ प्रश्नांची यादी दिली होती, त्यातले त्रिमितीय हायपरबोलिक (सगळीकडे सारखी ऋण वक्रता असलेल्या) मॅनिफोल्डवरचे सगळ्यात चिवट प्रश्न एगॉलने सोडवले. प्रत्येक बंद हायपरबोलिक त्रिमितीय मॅनिफोल्डला असं फायनाइट कव्हर (त्याचीच ठराविक पदरांची उलगडलेली प्रत) असतं की जे वर्तुळावर पृष्ठभाग रचून बनलेलं असतं. वापरलं काय, तर डॅनियल वाइझचे क्यूब कॉम्प्लेक्स, म्हणजे ठोकळे चिकटवून केलेली स्पेस, आणि ते ठोकळे ग्रुपला मिळवून द्यायला कान आणि मार्कोविच यांचं काम. मॅनिफोल्डच्या प्रश्नाला ठोकळ्यांनी उत्तर!

आणि हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये महान महाराज आहेत, रामकृष्ण मिशनचे संन्यासी. कॅनन आणि थर्स्टनने दाखवलं होतं की वरच्यासारख्या मॅनिफोल्डमधल्या पृष्ठभागाच्या (उलगडल्यावर अनंतावर दिसणाऱ्या) सीमेवरचं वर्तुळ मॅनिफोल्डच्या तशाच सीमेवरच्या गोलावर असं पसरतं की गोलाचा एकही बिंदू सुटत नाही. असा सलग मॅप (गोल अख्खा भरो न भरो) सगळ्या सरफेस ग्रुप्ससाठी असतो हे महाराजांनी सिद्ध केलं, २०१४ मध्ये छापून आलं. भगव्या कपड्यातला माणूस फळ्यावर हायपरबोलिक त्रिकोण काढतोय हे बघायलाच एकदा जा.

उरलंय भरपूर. प्रत्येक हायपरबोलिक ग्रुप रेसिड्यूअली फायनाइट (१ सोडून प्रत्येक घटक कुठल्या तरी फायनाइट ग्रुपमध्ये पाठवून १ पासून वेगळा ओळखता येतो असा) असतो का, हा एका ओळीचा प्रश्न अजून उघडा आहे. ठोकळ्यांवर नीट बसणाऱ्यांसाठी एगॉलमुळे हो, बाकीच्यांचं काय ते कोणालाच माहीत नाही.

चिंचगूळ:
धन्यवाद सगळ्यांना _/\_ काल रात्री खरंच बसले वही घेऊन. झाडाचे तिसऱ्या पावलापर्यंत ५३ ठिपके झाले, चौथ्याला १६१ लागणार होते, पान संपलं. पण एक दिसलं, बरोबर आहे का सांगा. मधला ठिपका खोडला तर झाडाचे चार तुकडे पडतात, रांगोळीतला कितीही मोठा घोळका खोडला तरी बाहेरचं अनंत अंगण एकच राहतं. आणि पूर्णांकांच्या रेघेचे दोन तुकडे. याला काही नाव आहे का, की मी उगाच?

गाठीचा_वैद्य:
अहो उगाच काय, एंड्स म्हणतात त्याला, रीतसर विषय आहे. रांगोळीला १, रेघेला २, आणि झाडावर खोडत राहिलात तर चारावर थांबत नाही, अनंत. एंड्स एकापेक्षा जास्त निघाले की ग्रुप फायनाइट सबग्रुपवर जोडलेल्या तुकड्यांत फुटतोच, हे स्टॉलिंग्जचं प्रमेय. आणि फायनाइटली जनरेटेड ग्रुपला एंड्स ०, १, २ किंवा अनंत, एवढेच असू शकतात. ३ कधीच नाही. का नाही ते आज रात्री वहीत बघा, हिंट: ग्रुप सगळ्या ठिपक्यांवरून सारखाच दिसतो.