मदत हवी आहे: एलायझात अँटीबॉडी चढतात, एचएआयमध्ये शून्य

पिपेटग्रस्त:
एम.एस्सी. प्रोजेक्ट. फ्लूच्या पेशंटांचे जोडीचे सीरम (एक आजाराच्या सुरुवातीचं, एक बरं होताना घेतलेलं) आहेत. एलायझात (प्लेटवरच्या अँटिजेनला चिकटणाऱ्या अँटीबॉडी मोजणारी चाचणी) दुसऱ्या नमुन्याचं आयजीजी (अँटीबॉडीचा एक प्रकार) मस्त चढतंय, एचएआयला (विषाणू रक्तपेशींचा गठ्ठा करतो, ते अँटीबॉडी अडवतात का हे पाहणारी चाचणी) दोन्हींचं टायटर, म्हणजे सीरम किती पट पातळ करूनही काम करतं तो आकडा, १० च्या खाली. पुन्हा लावलं तरी तेच. गाइड म्हणतात पिपेटिंग सुधार. परवा दाखवायचंय, लवकर सांगा.

भोचक भवानी:
कुठला फ्लू? रक्तपेशी कुणाच्या? एलायझाच्या प्लेटवर कोटिंग कशाचं? काही न सांगता लवकर काय सांगणार!

जुना लॅबवाला:
आरडीई केलं नसणार, म्हणजे अँटीबॉडी नसूनही गठ्ठा अडवणारे सीरममधले घटक काढणारं एन्झाइम. रात्रभर ३७ ला, मग ५६ ला अर्धा तास. आमच्याकडे सगळे घोळ तिथेच व्हायचे.

भोचक भवानी:
काका, आरडीई चुकलं तर टायटर खोटं वाढतं. इथे तर मुळात टायटरच नाही.

जुना लॅबवाला:
आणि सीरम स्वतःच पेशींचा गठ्ठा करत असेल तर? सीरम कंट्रोल (विषाणू न घालता नुसतं सीरम आणि पेशी) ठेवला होता का, ते विचारा आधी.

तुळशीवृंदावन:
सासरे ७२ चे आहेत. फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्यावी की नंतर?

भोचक भवानी:
आधी. आपल्याकडे पावसाळ्यात लाट येते. बाकीचं डॉक्टरांना विचारा आणि वेगळा धागा काढा.

पिपेटग्रस्त:
सीरम कंट्रोल स्वच्छ आहे. आरडीई केलंय. पेशंट एच३एन२, सगळे विशीतले. किटवर एनपी लिहिलंय. पेशी कोंबडीच्या.

भोचक भवानी:
एनपी म्हणजे विषाणूच्या आतलं न्यूक्लिओप्रोटीन. ते ए फ्लूच्या सगळ्या उपप्रकारांत जवळपास सारखंच, त्यामुळे स्ट्रेन कुठलाही असो, एलायझा चढणार. एचएआयला दिसतात त्या हिमॅग्लुटिनिनच्या (विषाणूच्या पृष्ठभागावरचं, पेशींना चिकटणारं प्रथिन) डोक्यावर बसणाऱ्या अँटीबॉडी. देठावरच्याही सहसा निसटतात. दोन चाचण्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत, यात पिपेटिंगचा काय दोष?

व्ही_तळाची_प्लेट:
हल्लीचे एच३एन२ कोंबडीच्या पेशींना धड चिकटत नाहीत. गिनीपिगच्या घे, तासभर थांब. गठ्ठा झाला नाही तरी त्यांचं घट्ट बटण होत नाही, तळाशी कडं दिसतं. ओसेल्टामिविरही (न्यूरामिनिडेज रोखणारं फ्लूचं औषध) घाल, नाहीतर न्यूरामिनिडेज हे विषाणूचं दुसरं पृष्ठप्रथिनच पेशी धरून ठेवतं आणि अँटीबॉडी असूनही टायटर पडतं.

जुना लॅबवाला:
थांबा. कोंबडीच्या पेशींवर विषाणूचे ४ युनिट (गठ्ठा करण्याच्या ताकदीचं माप) भरले कसे मग? विषाणू कुठला वापरलास?

पिपेटग्रस्त:
भरले की व्यवस्थित. डीप फ्रीजरमधली व्हायल, ऐची ६८, एच३एन२चाच स्ट्रेन.

जुना लॅबवाला:
१९६८ चा! तेव्हापासून एच३चं, म्हणजे एच३एन२च्या हिमॅग्लुटिनिनचं, डोकं किती बदललं! विशीतल्या पोरांच्या अँटीबॉडी त्याला कशाला अडवतील? साठीच्या माणसाचं सीरम लाव, लहानपणीच्या एच३ची आठवण निघेल.

भोचक भवानी:
निघेलच असं नाही हं. पण यंदाच्या स्ट्रेनचं निष्क्रिय अँटिजेन मागव, ते आणि ऐची शेजारी शेजारी लाव. टायटरची चौपट वाढ (ताज्या संसर्गाची खूण) दिसली तर यंदाच्या स्ट्रेनलाच दिसेल.

पिपेटग्रस्त:
ती व्हायल गाइडनीच दिलीय. त्यांना कसं सांगू?