घरपट्टीच्या वाढीविरुद्ध निघणाऱ्या मोर्चाला जावे की नाही?

माळावरचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातील एका लहान नगरपरिषदेच्या गावात आमचे आजोबांच्या काळापासूनचे घर आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी तक्रार आहे ती माणसे रोज चहाच्या टपरीवर भेटतात.

गेल्या वर्षी एका खासगी एजन्सीची मुले घरोघरी मोजमाप घेऊन गेली आणि आता नव्या कर आकारणीची नोटीस हातात पडली आहे. आमची घरपट्टी 2,940 रुपये होती, ती 7,810 रुपये दाखवली आहे. घर दगडमातीचे असून मागे पत्र्याचे एक शेड आहे. त्यात पूर्वी म्हैस असे, आता जळण आणि वडिलांची जुनी सायकल असते. घरात नव्याने एक वीटही चढलेली नाही.

गावात कृती समिती स्थापन झाली असून येत्या सोमवारी, आठवडा बाजाराच्या दिवशी, पालिकेवर मोर्चा आहे. वाढीव घरपट्टी रद्द करावी आणि स्वागत कमान, चौक सुशोभीकरण, दोनच वर्षांपूर्वी घातलेले पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा घालणे यांवरचा खर्च थांबवावा, अशा दोन मागण्या आहेत. मोर्चानंतर घरपट्टीच्या नोटिसांची होळी करायची आणि निर्णय होईपर्यंत कुणी एक रुपयाही भरायचा नाही, असेही मोबाईलवर फिरणाऱ्या पत्रकात म्हटले आहे.

मी वयाची बेचाळीस वर्षे पूर्ण केली, पण आजवर एकाही मोर्चात चाललो नाही. वडील म्हणतात, घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझ्यामुळे तिला काही त्रास होईल का, ही धास्ती आहे. शिवाय मनात एक अडचण आहे. आमच्या भागात पाणी दिवसाआड येते, मुख्य जलवाहिनी जुनी झाली आहे आणि ती बदलायला पैसा लागणार हे मलाही कळते. मग कर नको असे ओरडायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? ज्यांनी असे मोर्चे जवळून पाहिले आहेत त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

कोयनाकाठ

मी सातारा जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या कर विभागात बरीच वर्षे लेखनिक होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. मोर्चाला जायचे की नाही हे आपण नंतर ठरवा. आधी नोटिशीच्या तळाशी छापलेली हरकतीची मुदत वाचा. आपल्या हातात आलेली ती नोटीस आहे, मागणी बिल नव्हे, आणि या दोहोंतला फरक न कळल्यामुळे दर आकारणीच्या वेळी शेकडो माणसे हक्क गमावताना मी पाहिली आहेत.

नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या अधिनियमाप्रमाणे चालतो. त्यात दर चार वर्षांनी कर आकारणीची नवी यादी करावी लागते. ती यादी आधी प्रसिद्ध होते, ज्यांचे मूल्य वाढले त्यांना स्वतंत्र नोटीस जाते, हरकतींसाठी किमान 30 दिवस मिळतात, मग सुनावणी होते आणि त्यानंतरच यादी कायम होते. मोर्चा कितीही मोठा निघाला तरी हे दिवस थांबत नाहीत. समितीने दिलेले सामुदायिक निवेदन म्हणजे आपल्या घराची हरकत, असे कुणीही समजू नये. हरकत प्रत्येकाने आपापल्या मालमत्ता क्रमांकासह लेखी द्यायची असते आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यायची असते.

आता आकडा कसा तयार होतो ते पाहा. समजा 40 चौरस मीटरच्या घराला दर चौरस मीटरला महिना 12 रुपये भाडे येईल असे धरले, तर महिन्याचे 480 आणि वर्षाचे 5,760 रुपये होतात. त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के, म्हणजे 576 रुपये, वजा जातात. उरलेले 5,184 रुपये हे करयोग्य मूल्य होय आणि त्याच्यावर टक्केवारीने कर बसतो. म्हणजे आपली वाढ तीनपैकी एका ठिकाणी झाली असणार: क्षेत्रफळ जास्त लागले, भाड्याचा दर वाढला, किंवा बांधकामाचा प्रकार अथवा वापर चुकीचा नोंदला गेला. पहिली आणि तिसरी चूक हरकतीने दुरुस्त होते. दुसरी गोष्ट संपूर्ण गावाची आहे आणि तिच्यासाठी मोर्चा काढणे योग्यच आहे.

मला संशय आहे तो आपल्या शेडचा. पत्र्याचे शेड दिसले की मोजणी करणारी पोरे बिनदिक्कत ‘वाणिज्य’ लिहून मोकळी होतात. तसे झाले असेल तर भाड्याचा दर तर वाढतोच, शिवाय बिगरनिवासी मालमत्तेवर बसणारा रोजगार हमी करही त्यात शिरतो. तो कर आणि शिक्षण कर पालिका फक्त गोळा करते, ते पैसे राज्य शासनाकडे जमा होतात. एकूण आकड्यावर संताप करण्याआधी आकारणीचा उतारा काढून एकेक रकाना वाचावा, ही विनंती.

वारणेची लेक

मी सांगलीत राहते. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या गावी अशाच एका मोर्चात आईसोबत चालले होते, म्हणून कोयनाकाठ यांच्या कागदोपत्री उत्तराला माझी पायी चाललेली जोड देते.

मोर्चा सकाळी दहाचा असेल तर निघतो साडेअकराला, आणि पालिकेच्या दारात पोहोचतो भर उन्हात. पाण्याची बाटली आणि डोक्याला काही तरी अवश्य घ्या. वडिलांना सोबत नेणार असाल तर त्यांना सुरुवातीपासून चालवू नका, त्यांनी थेट पालिकेसमोर येऊन सावलीत बसावे. आमच्या वेळी घोषणा चांगल्या झाल्या, बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या आणि पहिला अर्धा तास खरोखर गावाचा होता. पुढे मात्र ध्वनिक्षेपक ज्यांच्या हाती गेला त्यांनी घरपट्टीपेक्षा एकमेकांची जुनी उणीदुणी अधिक काढली. मुख्याधिकारी बैठकीला गेल्याचे सांगण्यात आले आणि निवेदन कार्यालय अधीक्षकांनी घेतले. फोटो झाले आणि दोनच्या सुमारास सगळे वडापावच्या गाड्यांवर पांगले.

एवढे वाचून जाऊ नये असे वाटेल, पण माझे मत उलटे आहे. आई त्या गर्दीत तिच्याच आळीतल्या तीन बायकांशी प्रथमच घरपट्टीबद्दल बोलली आणि चौघींच्या नोटिसांवर घराचे क्षेत्रफळ अगदी एकसारखे छापले आहे हे तिथेच, पालिकेच्या पायरीवर बसून, उघड झाले. मोजणी करणाऱ्याने एकच घर मोजले होते. चौघींनी दुसऱ्या दिवशी एकत्र जाऊन स्वतंत्र हरकती दिल्या आणि फेरमोजणी झाली. घरी बसून हे कुणालाही कळले नसते. म्हणून जाताना नोटिशीची छायाप्रत खिशात ठेवा आणि शेजाऱ्यांना तिच्यासह भेटा. मूळ नोटीस घरीच ठेवा, विशेषतः होळी होणार असेल तर. आमच्याकडे उत्साहात मूळ कागद जाळून बसलेले एक गृहस्थ पुढे आठ दिवस दुसरी प्रत मागत हिंडत होते.

वाळव्याचा

खर्चाच्या मागणीबद्दल थोडे कडू लिहितो. स्वागत कमान घरपट्टीतून झाली असे पत्रकात ठामपणे लिहिण्याआधी समितीतल्या कुणी कामाचा आदेश पाहिला आहे काय? लहान पालिकांतील अशी बहुतेक कामे जिल्हा नियोजनाच्या किंवा नगरोत्थान या राज्य शासनाच्या योजनेच्या निधीतून होतात आणि तो पैसा त्याच कामाच्या नावाने येतो. कमान झाली नसती तर ते पैसे जलवाहिनीला मिळाले असते, असे नेहमी नसते. जलवाहिनीऐवजी कमानीचा प्रस्ताव कुणी पाठवला, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारला की समितीतल्याच काही मंडळींची अडचण होईल. अनेक पालिकांत 2022 च्या सुमारास निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपल्यावर कारभार शासनाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला, त्या काळातले ठराव तर आवर्जून पाहावेत. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक, निविदा आणि देयके पाहता येतात आणि अभिलेख पाहण्याचा पहिला तास विनामूल्य असतो. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा.

कर वाढण्यामागे गावाबाहेरचेही कारण आहे. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली. तिच्या बदल्यात शासनाचे अनुदान येते, पण स्वतःच्या हाताने उभा करता येईल असा मोठा कर घरपट्टीखेरीज उरला नाही. त्यातच पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली की, मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित झाले पाहिजेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढली पाहिजे. म्हणून ‘वाढ रद्द करा’ ही मागणी मुख्याधिकाऱ्यांना मान्य करणेच शक्य नसते. ‘मातीच्या घरांचा भाडेदर वेगळा धरा’, ‘विभागवार दर जाहीर करा’, ‘फेरमोजणी करा’ अशा मागण्यांना त्यांना उत्तर द्यावे लागते.

कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचे उदाहरण सगळे देतात आणि ते द्यावे असेच आहे. शहरातले सुमारे 49 किलोमीटर रस्ते खासगी कंपनीने केले आणि त्यापोटी टोल बसवला. त्याविरुद्ध वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, प्राध्यापक एन. डी. पाटील, म्हणजे आमच्या वाळवे तालुक्यातल्या ढवळीचे सुपुत्र, उतारवयातही त्यांच्या अग्रभागी राहिले आणि 2015 च्या अखेरीस टोल गेला. पण कंपनीची भरपाई शासनाच्या तिजोरीतून झाली, हे विजयाच्या गुलालात कुणी फारसे बोलले नाही. टोल भरणारा सुटला, कर भरणारा नाही. तरीही ते आंदोलन मला योग्यच वाटते, कारण रस्त्यांचा खर्च आणि दर्जा यांचा हिशेब लोकांनी चव्हाट्यावर मागितला.

तारीख पे तारीख

वकिलीच्या अनुभवावरून फक्त तीन मुद्दे.

शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 19 ने दिला आहे. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सण, निवडणुका अशा निमित्तांनी एका वेळी 15 दिवसांपर्यंतचे मनाई आदेश निघत असतात आणि त्या काळात पाच किंवा अधिक माणसांना परवानगीविना जमता येत नाही. समितीने पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घेतली आहे का आणि मार्ग कोणता ठरला आहे, एवढे विचारून घ्या. परवानगीच्या मार्गाने चालून निवेदनानंतर परतणाऱ्या सामान्य माणसावर गुन्हा दाखल होण्याचे प्रसंग मी फार पाहिलेले नाहीत. दार अडवणे, फाटक ढकलणे, रस्त्यावर पेटवापेटवी करणे यांत सापडू नका.

आपल्या पत्नीला जिल्हा परिषद सेवेचे 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांनी मोर्चात चालू नये, भाषण करू नये आणि पत्रक पुढे पाठवू नये, असाच सल्ला मी देईन. आपण जाण्याने त्यांना बाधा येण्याचे कारण दिसत नाही. घर दोघांच्या नावावर असेल तर त्या स्वतःच्या सहीने हरकत मात्र अवश्य देऊ शकतात, कारण ते आंदोलन नव्हे, करदात्याचा अधिकार आहे.

तिसरे, कर न भरण्याच्या हाकेला भुलू नका. यादी कायम होऊन बिल आले आणि मुदतीत भरले नाही, तर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. म्हणजे वर्षाला 24 टक्के. एवढ्या दराने सावकारही हल्ली भीत भीत कर्ज देतो. बिलाच्या वेळी वाद चालूच असेल तर हक्क राखून भरत असल्याचे पत्र देऊन रक्कम भरा.

माळावरचा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर लिहायला उशीर झाला, त्यास कारण घडले ते सांगतो.

शुक्रवारी आकारणीचा उतारा काढला. कोयनाकाठ यांचा संशय तंतोतंत खरा निघाला. शेडपुढे ‘वाणिज्य, भाडेकरू’ अशी नोंद आहे. भाडेकरू म्हणून वडिलांचेच नाव आहे, हे वाचून ते दिवसभर स्वतःशीच हसत होते. हरकतीची मुदत मोर्चानंतरच्या बुधवारी संपत होती आणि हे समितीच्या दोन पदाधिकाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांना फोन करून सांगितल्यावर त्यांनी रविवारी देवळात टेबल मांडले आणि तिथे संध्याकाळपर्यंत हरकतीचे अर्ज लिहून देण्याचे काम चालले. माझे अक्षर बरे असल्याने मीही बसलो. विधवा आजीबाईंपासून गिरणीवाल्यापर्यंत प्रत्येकाचा उतारा वाचताना दोनशे रुपयांची वाढही कुणाला किती जड जाते आणि पाच हजारांची वाढ कुणाला मुळीच जड जात नाही, हे प्रथमच दिसले. गावात एकच सरसकट मागणी का चालत नाही, हे मला तिथे कळले.

सोमवारी मोर्चाला गेलो. वारणेच्या लेकीने लिहिल्याप्रमाणे साडेअकरालाच निघाला. मी मागच्या रांगेत होतो आणि ‘घरपट्टी रद्द करा’ या घोषणेला गप्प राहिलो, ‘फेरमोजणी झालीच पाहिजे’ याला मात्र घसा बसेपर्यंत ओरडलो. होळीसाठी प्रत मागितली तेव्हा छायाप्रत दिली. मुख्याधिकारी हजर होते. फेरमोजणीचे त्यांनी मान्य केले, विभागवार दर फलकावर लावतो म्हणाले आणि खर्चाच्या मागणीवर ‘माहिती घेऊन कळवतो’ एवढेच बोलले. त्यासाठी आम्ही तिघांनी मिळून तीन वेगवेगळे माहितीचे अर्ज टाकले आहेत, त्यांपैकी पेव्हर ब्लॉकचा अर्ज माझ्या नावाने आहे.

काल मोजणीदार पुन्हा आला. वडिलांनी त्याला शेडमध्ये नेऊन म्हशीची दगडी गव्हाण दाखवली आणि हिचे भाडे किती धरलेत, असे विचारले. त्याने फोटो घेतला, फीत लावून शेड मोजले, ‘वापर: निवासी, अडगळ’ असे लिहून वडिलांची सही घेतली. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.